टाकीच्या तिसऱ्या पायरीवर

माझ्या चित्रांना नावं ठेवणारे मला काही कमी भेटलेले नाहीत. पण माझं चित्र बघून बायका पोट धरून हसल्या, हे पहिल्यांदाच झालं, आणि ते हसणं मला फोनवर जसंच्या तसं ऐकवण्यात आलं.

त्याचं असं झालं. हिंगोली जिल्ह्यातल्या काही गावांत मनाच्या दुखण्यात माणसाला सोबत करणाऱ्या बायका आहेत. त्या डॉक्टर नव्हेत. कुणी चौथी शिकलेली, कुणी दहावी. गावात कुणाची झोप उडाली, कुणी बोलेनासं झालं, कुणाला कानात आवाज यायला लागले, की या त्याच्याकडे जातात, ऐकून घेतात, गरज पडली तर सरकारी दवाखान्यात घेऊन जातात आणि सुरू झालेल्या गोळ्या मध्येच सुटत नाहीत ना ते बघतात. त्यांना 'सोबतीण' म्हणतात. या सोबतिणींच्या शिक्षणासाठी बारा चित्रांचा तक्ता हवा होता आणि तो मी सांगलीत माझ्या टेबलावर बसून काढत होते.

पहिल्याच चित्रात मी समोरासमोर दोन खुर्च्या काढल्या. एकीवर दुःखी बाई, दुसरीवर सोबतीण. सोबतिणीचे हात मांडीवर जुळलेले, मान जराशी कललेली. पुढच्या चित्रात ती त्या बाईला रुमाल देते आहे. गावाचं वातावरण हवं म्हणून कोपऱ्यात एक शेळी. मला ती चित्रं फार आवडली होती. चार दिवसांनी हट्ट्याहून कुशावर्ता नावाच्या सोबतिणीचा आवाजी निरोप आला.

"ताई, चित्रं लई ग्वाड हायेत. पन ही खुर्चीवरची बाई कोनत्या खात्याची हाय? चौकशीला आल्यावानी बसून राहिली. आमी असं बसलो तर समोरची बाई आधार कार्ड काढून दाखवीन."

तिच्या मागे हसण्याचा असा कल्लोळ उठला की निरोप तिथेच संपला. दुसरा निरोप लगेच आला. "राग नका धरू ताई. एकडाव येऊन पाहा ना."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी करत होते, आणि त्यातली शेळीसुद्धा चुकली होती, हे मला पुढे कळायचं होतं. पण जायचं म्हणजे नंदूला सोडून जायचं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

नंदू माझा धाकटा भाऊ. विशीत असताना त्याच्या कानात माणसं बोलायला लागली. पुढची कितीतरी वर्षं दवाखाने, गोळ्या, बरं वाटणं, पुन्हा बिघडणं, यात गेली. आता तो पंचेचाळिशी ओलांडून गेलाय आणि बराच सावरलाय. कानातली माणसं महिन्यातून एखाद्या वेळी डोकावतात आणि नंदू त्यांना "नंतर या" म्हणतो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. अकरा वर्षांत मी एक रात्रही घराबाहेर काढलेली नव्हती. लोक मला त्यागी वगैरे म्हणतात आणि मी ते ऐकून घेते.

यंदा नंदूच्या एका वर्गमित्राने त्याला तासगावजवळच्या आपल्या रोपवाटिकेत बोलावलं. मित्राला आजाराची सगळी माहिती आहे. काम रोपांचं, राहायला खोली, शनिवारी घरी. नंदूला जायचं होतं. मी नाही म्हणत होते. हिंगोलीची गोष्ट निघाली तेव्हा तोच म्हणाला, "अक्का, तू चार दिवस जाऊन ये. मी एकटा राहून दाखवतो."

मग अट ठरली. जेवण शेजारच्या सुमनवहिनी देतील, बाकी सगळं त्याचं त्याने बघायचं. नीट पार पडलं तर तासगावला जायचं. एक जरी गडबड झाली तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. अट माझी होती, आणि मनातल्या मनात मी त्या गडबडीची वाटच बघत होते, हे आता लिहून टाकायला हरकत नाही.

हट्टा

फाल्गुनात वसमतच्या बाजूला जाल तर पांढरे कपडे नेऊ नका. मी नेले होते. शेताशेतांत हळद निघत होती, बांधावर हळद शिजवायच्या लोखंडी कुकरमधून वाफेचे लोट उठत होते, आणि रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा अर्धं पिवळं होतं. आमच्याकडे सांगलीत हळद दिसते ती पोत्यांतून, बाजारात. ती मातीतून ओली निघते, आल्याची बहीण वाटावी अशी, आणि तिचा वास डोक्यात शिरून बसतो, हे मला माहीत नव्हतं.

कुशावर्ता मला न्यायला स्कूटीवर आली. चाळिशीतली, उंच, धनगराघरची लेक आणि सून. तिच्या स्कूटीच्या डिकीत एका बाजूला गोळ्यांच्या तारखांची वही आणि दुसऱ्या बाजूला बकरीसाठी शेवरीचा पाला. मला म्हणाली, "घट्ट धरा ताई, म्या ब्रेक कमी मारते."

शेतात नऊ-दहा बायका ओल्या हळदीच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. मधला गड्डा वेगळा काढायचा, त्याला फुटलेली बोटं वेगळी टाकायची. मीही टेकले आणि कुशावर्ता कामाला कधी सुरुवात करते याची वाट बघू लागले. म्हणजे तिचं ते ऐकण्याचं काम. अर्धा तास झाला. ती शेजारच्या बाईबरोबर हळद मोडत होती आणि ती बाई हळू आवाजात काहीतरी सांगत होती, एवढंच. मी कुशावर्ताच्या कानाशी लागले. "सुरू कधी करणार?"

"काय?"

"ऐकणं."

"मंग सकाळपासून काय करून राहिले म्या?"

नवरा गेल्यापासून ती शेजारची बाई दोन महिने घरातून बाहेर पडली नव्हती. आज पहिल्यांदाच शेतात आली होती. मी आपली सहानुभूतीने तिच्याकडे बघत राहिले, अगदी माझ्या चित्रातल्यासारखी, मान कलवून. ती बोलायची थांबली. कुशावर्ताने हळदीचा एक ढीग माझ्या पुढ्यात ओढला.

"हात रिकामा ठिवू नका ताई. रिकाम्या हाताचं मानूस डोळ्यानं खातं."

मी खाली बघून हळद मोडायला लागले आणि पाचेक मिनिटांत त्या बाईचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मध्येच ती रडली, मध्येच कुणाच्या तरी सुनेवरून हसली, आणि हात सगळा वेळ चालू होता. मी मोडलेल्या निम्म्या हळदीत गड्ड्याला बोटं तशीच होती. ती नंतर गुपचूप दुसऱ्यांनी मोडली.

दुपारी जेवण बांधावर. ज्वारीच्या पातळ भाकरी, येसरची, म्हणजे भाजल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ठेचा. सांगलीची माणसं तिखटाच्या बाबतीत जरा मिजास करतात. मीही केली. ठेच्याचा मोठा घास घेतला, मग मला जी उचकी लागली ती स्कूटीवर बसेपर्यंत थांबली नाही. बायकांनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि शेवटी एकीने पाठीत असा धपाटा घातला की उचकी राहिली पण चष्मा पडला.

एक गोष्ट मला तिथे फार आवडली. संध्याकाळी बाकीच्या बायका उठल्यावर कुशावर्ता आणि गावातली दुसरी सोबतीण मागे राहिल्या. उरलेली हळद मोडत आता कुशावर्ता बोलत होती आणि ती दुसरी ऐकत होती. पोरगी बारावीला आहे, अभ्यास करत नाही, सासऱ्यांचं पाय दुखणं, स्वतःला झोप न येणं, सगळं.

"दिवसभर लोकांचं भरून घेतलं तर कुठंतरी सांडाया पायजे," ती नंतर म्हणाली. "न्हाई तर घरी जाऊन लेकराच्या डोक्यावर सांडतं. आमचा नेमच हाय. ऐकलं त्या दिवशी सांगायचं." मग स्कूटीला किक मारत तिने विचारलं, "तुमी कुनाजवळ सांडता ताई?"

मी उचकी दिली.

दिवसभरात मी नंदूला पाच फोन केले होते. ठरले होते तीन. जेवलास का, गोळी घेतलीस का, दार लावलंस का. पाचव्याला तो म्हणाला, "अक्का, तू जेवलीस का? आवाज असा काय येतोय तुझा?"

डोंगरकडा

डोंगरकड्याला आम्ही एसटीने गेलो. पुरुषांशी कोण बोलतं, हे मला बघायचं होतं, कारण बाई समोर बसली की आमच्याकडचेही पुरुष हवापाण्याच्या पलीकडे जात नाहीत. कुशावर्ताने मला मारोतीमामांच्या हवाली केलं. मामा साठीचे, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, पुढे साठ-सत्तर मेंढरं. हे सोबती. त्यांची बसायची जागा कुठे आहे असं मी विचारलं तर त्यांनी काठीने समोरचा सगळा माळ दाखवला.

"चालत यावं लागतं," मामा म्हणाले. "मेंढरामागं चालताना मानूस खोटं बोलत न्हाई. दम लागतो."

गावातला एखादा माणूस घुम्यासारखा वागायला लागला की मामा त्याला म्हणतात, मला आज एकट्याला मेंढरं आवरत नाहीत, जरा ये. मेंढरं मामांना झोपेतसुद्धा आवरतात हे साऱ्या गावाला माहीत आहे. तरी माणूस येतो. त्या दिवशी एक रिक्षावाला आला होता, रिक्षा लावून. मामा त्याच्या शेजारून, अर्धं पाऊल मागे चालत होते. कोसभर दोघंही गप्प. मग ओढ्याच्या उतारावर तो रिक्षावाला आपणहून बोलायला लागला. मी मुद्दाम लांब राहिले. त्याचं त्याच्याजवळ राहू दे.

लांब राहण्याच्या नादात एक मेंढा माझ्या आणि झुडपाच्या मधून गेला, त्याच्या शिंगात माझी ओढणी अडकली, आणि मी त्या रानातून वीस पावलं अगदी वरातीत चालल्यासारखी त्याच्या मागे गेले. मामांनी ओढणी सोडवली. रिक्षावाला इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मामा मला हळूच म्हणाले, "दीड महिन्यानं हासला त्यो. उद्या बी येता का?"

दुपारी बाभळीखाली मी त्यांना माझी चित्रं दाखवली. खुर्च्यांवर ते काही बोलले नाहीत, पण शेळी बघून त्यांचा चेहरा पडला. "हिचे कान असे काहून? ही आजारी हाय." मग त्यांनी मला त्यांच्या एका शेळीपुढे बसवून कान काढायला लावले. तीन वेळा. चौथ्यांदा मान हलवली.

मी कान काढत असताना मध्ये दोनदा उठून फोन करून आले होते. मामांनी विचारलं, घरी कोण आहे? मी नंदूचं सगळं सांगितलं, आजार, गोळ्या, रोपवाटिका, अट. सांगताना माझे हात शेळीच्या कानावर चालले होते हे नंतर लक्षात आलं. मामांनी एका भरकटलेल्या मेंढराला हाळी दिली.

"भावाला फोनवर काही तकलीफ वाटती का?"

"नाही. चांगला आहे. काल सुमनवहिनींचा नळ दुरुस्त करून दिला म्हणे."

"मंग तकलीफ कुनाला हाय?" एवढं म्हणून ते मेंढरं वळवायला उठले.

मला राग आला. अकरा वर्षं ज्याने काढली त्यालाच कळतं, असं काहीतरी मनात म्हणत मी पुढचा फोन लावला.

पुसेगावकडचा तांडा

तिसऱ्या दिवशी हिंगोलीहून पुसेगावच्या दिशेने निघालो. इकडे जमीन उंचसखल होते, माळाला पळस फुललेला, पान एक नाही आणि झाड सगळं केशरी. एका टेकडीच्या पोटात तीसेक घरांचा तांडा. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेणाऱ्या लोकांची ही वस्ती. आता शेती करतात आणि बरेच जण ऊसतोडीला आमच्याच बाजूला येतात. सांगलीचं नाव काढल्यावर तिथल्या चार बायकांनी मला आमच्या तालुक्यातली अशी गावं सांगितली जी मी पाहिलेली नाहीत.

तांड्याची सोबतीण गेनीबाई. वयाने मोठी, ओढणीला आरसे, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिच्या ओसरीवर मी तक्ता उघडला. ती एकेक चित्र बघत गेली आणि रुमालापाशी थांबली.

"हे काय देऊन राहिली?"

"रुमाल. डोळे पुसायला."

"म्हंजी रडनं बंद कर म्हनून सांगितलं की."

मी म्हटलं, तसं नाही, ते मायेने दिलंय. गेनीबाईला पटेना. तिने समजावून सांगितलं. तांड्यात कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलं, कुणाकडे मरण झालं, लेक सासरी निघाली, की बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. हेल काढून, सुरात. सुखदुःख सगळं त्या सुरात सांगतात. समोरचीही सुरातच रडते. कुणी कुणाला गप्प करत नाही. रडणं पुरं झालं की पाण्याने तोंड धुतात आणि चहा पितात. आमच्याकडे याच्या बरोबर उलट. बाईच्या डोळ्यात पाणी दिसलं की चार जणी 'रडू नको, रडू नको' म्हणत तुटून पडतात, आणि मग ती बिचारी नंतर मोरीत जाऊन रडते.

दुपारचा माझा फोन राहिला होता. तांड्यात रेंज नव्हती. गेनीबाईने पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकीला सिमेंटच्या पायऱ्या आहेत आणि तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं तर फोन लागतो. दुसरीवर नाही, चौथीवर नाही. मी तिसरीवर उभी राहिले आणि नंदूला फोन लावला. त्याने उचलला नाही.

पुन्हा लावला. दहा मिनिटांनी पुन्हा. सातव्या वेळी मी सुमनवहिनींना लावला. त्या म्हणाल्या, "सकाळी डबा द्यायला गेले तर दाराला कुलूप. तुमच्याशी बोलून गेला असेल म्हणून मी विचारलं नाही."

माझ्या पाचावर धारण बसली. मागे एकदा, कानातली माणसं फार झाली होती तेव्हा, नंदू असाच कुलूप लावून निघून गेला होता आणि दोन दिवसांनी मिरजेच्या स्टेशनवर सापडला होता. मी ज्या गडबडीची वाट बघत होते ती झाली होती, आणि मला जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. मी त्या पायरीवर बसले, डोकं गुडघ्यांत घातलं आणि मला रडू फुटलं.

आता एक गोष्ट मला माहीत नव्हती. ऊसतोडीला, वीटभट्टीला, लांब कुठे कुठे गेलेल्या माणसांच्या वाईट बातम्या तांड्याला त्याच पायरीवर कळतात. दुसरीकडे फोनच लागत नाही. त्यामुळे तिसऱ्या पायरीवर कुणी खाली बसून रडायला लागलं, की काय झालं असं तिथे कुणी विचारत नाही. फक्त कोण, एवढं विचारतात.

मान वर केली तर गेनीबाई समोर होती आणि तिच्या मागून हातातली कामं टाकून बायका येत होत्या. कुशावर्ताही धावत आली.

"कोन?" गेनीबाईने विचारलं.

"भाऊ," मी म्हटलं.

तिने माझ्या गळ्याला मिठी मारली. "भियाऽऽ" असा एक लांब सूर तिने लावला आणि पंधरा-वीस बायकांनी तो उचलला. शब्द त्यांच्या बोलीतले, मला एक 'भिया' सोडून काही कळत नव्हतं. भिया म्हणजे भाऊ. मला सांगायचं होतं की अहो थांबा, तो गेलेला नाही, निदान मला माहीत नाही. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वेगळंच. "नंदू, मी तुला सोडून आले रे." तेही कसं कोण जाणे, त्यांच्याच सुरात. गेनीबाईने मला आणखी घट्ट धरलं आणि मग मी थांबलेच नाही. तुला जाऊ दिलं नाही रे. तुझी रोपं तू खिडकीत लावलीस रे. मी दमले रे नंदू, अकरा वर्षं दमले, कुणाला सांगितलं नाही. तू गेलास तर मी दिवसभर काय करू रे. हे शेवटचं वाक्य कानावर पडलं तेव्हा मी स्वतःच दचकले. इतकी वर्षं मला वाटत होतं की भीती त्याच्यासाठी आहे.

किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. कुशावर्ताने उचलून बघितला.

"ताई," ती म्हणाली, "नंदूभाऊचा फोन हाय."

सगळं रडणं एकदम थांबलं. गेनीबाईने माझ्या गळ्यातले हात न काढता फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्योच का त्यो भिया?"

"हो."

"मंग उचला की!"

व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर नंदू, मागे हिरव्या जाळीचं छप्पर आणि द्राक्षाच्या रोपांच्या रांगा. कपाळाला माती. "अक्का, मोबाइल घरी चार्जिंगलाच राहिला बघ. आता मित्राच्या मोबाइलवर माझं खातं उघडून दिलंय त्यानं. मी तासगावला आलोय. बसनं, एकटा. खोली बघितली. अक्का, तुझ्या मागं एवढ्या बायका काय करताहेत? कोण वारलं?"

खोटं बोलण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. "तू," मी म्हटलं.

नंदू हसायला लागला. असा हसला की मोबाइल हलायला लागला, आधी छप्पर दिसलं मग जमीन. त्याचं ते हसणं मी शेवटचं कधी ऐकलं होतं आठवत नाही. इकडे एका बाईने फुर्रकन हसून तोंडावर ओढणी घेतली, मग दुसरीने, आणि टाकीच्या पायऱ्यांवर तो सगळा घोळका गदागदा हसायला लागला. मी गेनीबाईची माफी मागायला लागले. तिने हात उडवला.

"जित्या मानसासाठी बी रडावं लागतं एकदा. मेल्यावर काय, कुनीबी रडतं."

नंदूने ते ऐकलं होतं. तो आता हसत नव्हता. "अक्का," तो म्हणाला, "रडून झालंय ना तुझं? मग आता जाऊ दे की मला."

पंधरा-वीस बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर मी हो म्हटलं. एकटी असते तर बहुतेक 'घरी आल्यावर बोलू' म्हटलं असतं.

मग मला टाकीच्या नळावर तोंड धुवायला लावण्यात आलं आणि चहा आला. चहात गेनीबाईने माझ्यासाठी दुप्पट साखर घातली होती. रडून आलेल्या माणसाला लागते म्हणे.

सांगली

तक्ता पुन्हा काढला. पहिल्या चित्रात हळदीचा ढीग आहे आणि सगळ्यांचे डोळे खाली. दुसऱ्यात माळावर दोन माणसं आणि मेंढरं, एक माणूस अर्धं पाऊल मागे. खुर्च्या एकाही चित्रात नाहीत. रुमालाच्या जागी टाकीच्या पायऱ्या आल्या. शेळीचे कान उभे आहेत की आडवे ते सांगत नाही, पण मारोतीमामांनी पाहून मंजूर केले आहेत. कुशावर्ताचा निरोप आला, "आता बराबर." मागे हसण्याचा आवाज होताच, पण तो वेगळा होता. हल्ली बुधवारी मी तिला फोन करते. दोघींच्या हातात भाजी निवडायची असते, आणि आधी ती सांडते, मग मी.

नंदू निघाला तो सोमवार होता. त्याला सोडायला मी स्टँडवर गेले. बॅग, गोळ्यांचा डबा, त्यावर त्याच्याच अक्षरातलं वेळापत्रक. मी अगदी शहाण्यासारखी वागायचं ठरवलं होतं. गाडी लागली, तो पायरीवर चढला, आणि मी त्याला खाली ओढून त्याच्या गळ्यात पडले. हेल काढून. सांगलीच्या स्टँडवर, सकाळी नऊला, सगळ्या प्रवाशांदेखत. मी जे जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. लोक गोळा झाले. एका बाईने पर्समधून रुमाल काढून पुढे केला, तो मी घेतला नाही. नंदूने मला थांबवलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला, पुरं होईपर्यंत.

कंडक्टर दारात येऊन हळू आवाजात म्हणाला, "काय झालं हो? कुणी वारलं का?"

"न्हाई हो," नंदू म्हणाला. "अक्का हाय माझी. मी कामाला चाललोय, शनवारी येतो परत."

कंडक्टरने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "बरं. मग तिकिटं किती? दोन?"

अकरा वर्षं आम्ही कुठेही जाताना दोन घेत आलो होतो. नंदूने बॅग खांद्याला लावली.

"एक," तो म्हणाला. "तासगाव."